किरकोळ शस्त्रक्रिया, घाऊक सहानुभूती

आपल्याकडे मूल झाल्याचे पेढे बाप वाटतो आणि पुढची मुले थांबवण्याची जबाबदारी आई घेते. कामाची ही वाटणी इतक्या पिढ्या बिनबोभाट चालत आली आहे की तिच्यात कोणी ढवळाढवळ केली, तर घरात काहीतरी अशुभ घडल्यासारखे सर्वांचे चेहरे होतात. सरकारने कुटुंब नियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ साली सुरू केला. त्यानंतर लाल त्रिकोण आला, ‘हम दो हमारे दो’ आले, भिंती रंगल्या, आणि एवढे सगळे होऊनही २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्त्री नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के, तर पुरुष नसबंदीचे ०.३ टक्के निघाले. ठाण्यात घोडबंदर रोडवर राहणारा मी दशांश चिन्हाच्या उजवीकडील त्या तुरळक मंडळींत दाखल झालो, हे माझे कर्तृत्व नव्हे. तो निर्णय मी हजर नसताना झाला.

आमच्या सौभाग्यवतींनी आधी गोळ्या घेतल्या, मग तांबी बसवली, तांबीच्या पायी दर महिन्याला होणारा जादा रक्तस्राव सोसला आणि दोन सिझेरियन करून घेतली. दुसऱ्या वेळी टेबलावरच डॉक्टरीणबाईंनी विचारले, “पोट उघडलंच आहे, तर तेही उरकून टाकायचं का?” कमरेखाली बधिर असलेली पण कमरेवर पूर्ण शुद्धीत असलेली बायको म्हणाली, “माझं दोनदा उघडून झालं, आता ह्यांची पाळी.” ही बातमी मला बाळाच्या वजनाबरोबरच कळवण्यात आली.

मी ज्या शल्यविशारदांकडे गेलो, त्यांनी चिठ्ठीच्या मागे पेनाने आकृती काढून सर्व समजावले. जागा बधिर करायची, सुरीऐवजी एका टोकदार चिमट्याने त्वचेला बारीक छिद्र पाडायचे, दोन्ही बाजूंच्या शुक्रवाहिन्या त्यातूनच बाहेर घेऊन कापून बांधायच्या. टाका नाही, पूर्ण भूल नाही, वीसएक मिनिटांत काम आटोपून माणूस त्याच दिवशी घरी. ही बिनटाक्याची पद्धत १९७४ साली चीनमध्ये निघाली. दोन दिवस विश्रांती घ्यायची, आठवडाभर सायकल आणि जड ओझे टाळायचे, एवढेच पथ्य. पुरुषी संप्रेरक रक्तातून जाते, या नळीतून नव्हे. त्यामुळे दाढी, आवाज, जोर आणि इच्छा जिथल्या तिथे राहतात. मात्र पुढे कधी नळ्या पुन्हा जोडता येतील या भरवशावर हे करायचे नाही, कायमचे समजूनच करायचे, असे त्यांनी दोनदा बजावले. मला वाटले, आता कठीण भाग वीस मिनिटांचाच उरला.

घरी आईने डोळ्यांना पदर लावला. “अरे, तुला कामावर जायचं असतं!” मी ऐरोलीला एका कार्यालयात बसून एक्सेलचे रकाने भरतो. त्या कामात संबंधित अवयवांचा नेमका कोठे उपयोग होतो, हे मला आजवर उमगलेले नाही. पण आईच्या मते घरातील कमावत्या माणसाला कोणी सुई टोचली, तरी ती थेट पगाराला लागते. सून कामावर जाते, हे तिच्या लक्षात होते. त्यावर तिचे म्हणणे असे की बायकांना सवय असते.

आईच्या धास्तीला हसणे मला जमले नाही, कारण तिचे मूळ खरे आहे. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात सुमारे ६२ लाख पुरुषांची नसबंदी झाली आणि त्यांतील कित्येकांना धाकदपटशाने टेबलावर चढवले गेले. तो राग रास्तच होता. फक्त पुरुषांनी तो सरकारबरोबर शस्त्रक्रियेवरही काढला आणि पुढची पन्नास वर्षे त्याचे बिल बायकांच्या नावे फाडले.

शस्त्रक्रिया ठरल्याप्रमाणे झाली. तिच्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. लिहिण्यासारखे आहेत ते डिंकाचे लाडू. सुनेच्या बाळंतपणासाठी आणलेल्या डिंकातून आईने माझ्यासाठी वेगळे लाडू वळले, त्यांत बदाम जास्त घातले आणि डब्यावर माझ्या नावाची चिठ्ठी चिकटवली. टाक्यांवर हात ठेवून मांडीवर बाळ घेतलेली बाळंतीण आणि लोडाला टेकून लाडू खाणारा तिचा नवरा, असे दृश्य आमच्या दिवाणखान्यात दोन दिवस होते. डबा बायकोने संपवला आणि मी ब्र काढला नाही.

वाहिन्या बांधल्या, तरी त्यांच्या पुढच्या भागात शुक्राणू उरलेले असतात, म्हणून तीन महिने, वीर्यतपासणीत शुक्राणू नाहीत असे निघेपर्यंत, निरोध वापरावा लागतो. गर्भनिरोधक गोळ्या आमचा औषधवाला खुशाल काउंटरवर सरकवतो. निरोधाचे पाकीट मात्र तो आधी वर्तमानपत्रात गुंडाळतो, त्यावर टाचणी मारतो आणि मग काळ्या पिशवीत घालतो. त्याच्या दुकानातून काळ्या पिशवीत दुसरे काय बाहेर पडते, हे आमच्या लिफ्टमध्ये सर्वांना ठाऊक आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले होते. शंभर वर्षांत ते धाडस ठाण्याच्या खाडीपर्यंत पोचले आणि तिथे त्याला काळी पिशवी मिळाली.

दरम्यान आईने परस्पर सोसायटीत सांगून टाकले होते की माझे हर्नियाचे ऑपरेशन झाले. परिणामी आमच्या मजल्यावरचे काका, ज्यांचा हर्निया खराखुरा होता, रोज समाचाराला येऊ लागले. त्यांनी मला खोकण्याची योग्य रीत शिकवली, पट्टा आणून दिला आणि मला पाण्याची बाटली उचलताना पाहून माझ्या बायकोला दटावले. पट्टा बांधून पाहण्याची वेळ आली, तेव्हा मी त्यांना खरे काय ते सांगितले. काका बराच वेळ पट्ट्याची गुंडाळी करत राहिले. मग म्हणाले, “पण वहिनींनी सही दिली?” जोडीदाराची सही लागत नाही, ज्याचे शरीर त्याचीच संमती पुरते आणि हाच नियम बायकांनाही आहे, असे मी सांगितले. दुसऱ्या भागाने त्यांना जास्त धक्का बसलेला दिसला.

काही दिवस काका माझ्याबरोबर लिफ्टमध्ये चढेनात. नंतर एका रविवारी सकाळी त्यांनी बेल वाजवली. मागे त्यांचे कळव्याचे जावई खाली मान घालून उभे होते.

“यांना जरा त्या डॉक्टरांचा पत्ता द्या,” काका आवाज खाली आणून म्हणाले, “दोन मुलं झाली, आता हर्नियाचं करून घेऊ म्हणतात.”