शनिवारी अकराला सगळ्यांनी यायचं

‘तुमच्या तिकडे कुटुंबंच उरलेली नाहीत, म्हणून कुटुंबावर उपचार करायची वेळ येते. आपल्याकडे तो प्रश्न नाही.’ काकांनी हे आमच्या घरच्या ग्रुपवर लिहिलं आणि खाली धडाधड अंगठे उमटले.

झालं होतं असं. नात्यातला एक अकरावीतला मुलगा (नाव सांगत नाही, पुण्यात ओळख पटायला वेळ लागत नाही) गांजा ओढतो, मधूनमधून एमडी नावाची नशेची पूडही घेतो, हे घरात उघड झालं. समुपदेशकाकडे नेलं. तिने सांगितलं, मुलाला एकट्याला पाठवू नका. आई, बाबा, घरात राहणारी आजी, सगळ्यांनी यायचं, दर शनिवारी अकराला. त्यावर मुलाचा बाप, म्हणजे आमचा दादा, भडकला. ‘बिघडलाय तो, आम्ही नाही. फी भरतोय ना आम्ही?’ मिक्सर दुरुस्तीला टाकावा आणि चार दिवसांनी पावती दाखवून परत आणावा, तशी त्याची कल्पना. मग ग्रुपवर सल्ले सुरू झाले. इगतपुरीला विपश्यना, पाचगणीचं हॉस्टेल, शिवाय कुठलंसं एक केंद्र. ‘सहा महिने घरच्यांनासुद्धा भेटू देत नाहीत’ असं आत्याने त्याचं कौतुक केलं.

मी नेदरलँड्समध्ये, हेगला राहते, म्हणून काकांचं वाक्य माझ्यासाठी होतं हे कळायला फार अक्कल लागत नाही. पण राग आला तो त्यातल्या ठाम अज्ञानाचा. ही उपचारपद्धती मोडक्या घरांसाठी जन्मली असं कोणी सांगितलं? १९७०च्या दशकात मायामीत होसे सापोच्निक आणि त्यांचे सहकारी काम करत होते ते क्युबातून आलेल्या कुटुंबांबरोबर. एकमेकांना घट्ट धरून राहणारी, आजी-आजोबांसकट नांदणारी माणसं. मुलं शाळेत जाऊन भराभर अमेरिकन होत होती, आईबाप तितक्याच जोराने दोर आवळत होते, आणि त्या रस्सीखेचीत पोरं नशेकडे वळत होती. तेव्हा घरात कोण कोणाशी बोलतं, कोण मध्ये तोंड घालतं, कोण कोणावर पांघरूण घालतं, यावर त्यांनी काम सुरू केलं. काका, हे वर्णन आपल्या वाड्याचं नाही का?

पुढे अमेरिकेतच हॉवर्ड लिडल यांनी आणखी एक पद्धत बांधली. त्यात थेरपिस्ट मुलाला वेगळं भेटते, आईबापांना वेगळं, मग सगळ्यांना एकत्र. शिवाय शाळेशी आणि गरज पडली तर पोलिसांशीही बोलते. बर्लिन, ब्रुसेल्स, जिनिव्हा, पॅरिस आणि आमचं हेग अशा पाच शहरांत गांजाच्या आहारी गेलेल्या ४५० किशोरवयीन मुलांवर ती तपासली गेली. चमत्कार झाला नाही. एकेकट्याने समुपदेशन घेणाऱ्या मुलांचाही गांजा कमी झाला. पण कुटुंबासह आलेली मुलं उपचारांत जास्त टिकली, आणि ज्यांचं ओढणं फार वाढलं होतं त्यांना फायदा अधिक झाला. व्यसनमुक्तीत निम्मी लढाई पेशंटने पुढच्या आठवड्यात परत येण्याचीच असते, त्यामुळे मला हे पुरेसं वाटतं.

हेगला लागून असलेल्या रायस्वाइकच्या एका मराठी कुटुंबाबरोबर मी दुभाषी म्हणून अशा बैठकींना बसले आहे. आईला डच येत नाही आणि इंग्रजीत तिचं मन मोकळं होत नाही. वडील मात्र थेरपिस्टला ऑफिसच्या इंग्रजीत मुलाचा अहवाल देत होते. तिने थांबवलं. ‘मला नको, त्याला सांगा. तुमच्या भाषेत.’ खुर्ची मुलाकडे वळवायला लावली, आणि मला म्हणाली, भाषांतर करू नकोस. बराच वेळ गेला. मग वडील म्हणाले, ‘परीक्षा कधी आहे?’ मुलगा म्हणाला, ‘बाबा, मागच्या आठवड्यात झाली.’ त्यानंतर अर्ध्या तासात निघालं की आईला वर्षभर सगळं ठाऊक होतं आणि ती नवऱ्यापासून लपवून पोराला पैसे देत होती. मुलाला एकट्याला पाठवलं असतं तर हे कुठल्या जन्मी कळलं असतं? आणि पुण्यातल्या आमच्या वहिनीला काहीच माहीत नव्हतं, यावर माझा तरी विश्वास नाही.

हे परदेशी खूळ म्हणावं, तर तेही खरं नाही. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर १९५०च्या दशकातच आवारात तंबू ठोकून नातेवाइकांना रुग्णाबरोबर ठेवून घेत होते. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने व्यसनी माणसाच्या बायकोसाठी ‘सहचरी’ गट चालवला, घरच्यांना कामात ओढलं. काकांच्या घरापासून रिक्षाने जाता येईल इतकं ते जवळ आहे.

आता आमच्या बाजूची लाज. २०१५पासून मुलांचे असले सगळे उपचार ख्मेएन्टेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या हातात आले, तेव्हापासून हाउसआर्ट्सची, म्हणजे फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी घेऊन महिनोन् महिने यादीत थांबावं लागतं. रॉटरडॅमच्या बंदरात कंटेनरमधून कोकेन उपसायला शाळकरी पोरं सापडतात. यातलं काही मी ग्रुपवर लिहीत नाही. तिथे मी हॉलंडची वकील असते, आणि इथे बोरेलला, म्हणजे संध्याकाळच्या पेयपानाच्या गप्पांत, कोणी भारताबद्दल वाकडं बोललं की लगेच पुण्याची.

त्याच रायस्वाइकच्या घरी थेरपिस्टने विचारलं होतं, रात्री दोन वाजता मुलगा घरी आला नाही तर तुम्ही कोणाला फोन कराल? नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. सख्खी माणसं सगळी नागपुरात. शेवटी त्यांनी शेजारच्या मार्लेनचं नाव लिहिलं. माझ्या मुलांच्या शाळेच्या फॉर्मवरही तातडीच्या संपर्कापुढे शेजारणीचाच नंबर आहे, आणि तो भरताना मला कधी काही वाटलं नव्हतं.

काकांचं वाक्य निम्मं माझ्याबाबतीत खरं आहे, म्हणून ते झोंबलं. दादाच्या पोराचं मला कळलं ते घरात बोंब होऊन चार महिने उलटल्यावर. ‘तू तिकडे, उगाच जिवाला घोर कशाला,’ असं वहिनी म्हणाली. बाबांची अँजिओप्लास्टीसुद्धा मला झाल्यावरच कळली होती. लग्नाच्या आहेराची यादी मात्र वेळेवर येते. पोरगा लहानपणी सुट्टीत माझ्या मांडीवर बसून मटार सोलायचा. आता तो माझ्या मेसेजला फक्त ‘हो आत्या’ असं उत्तर देतो.

तरी मी दादाला फोन केला. म्हटलं, तू जा, आईला ने, आणि समुपदेशक चालवून घेत असेल तर व्हिडिओवर मीही बसते. तो म्हणाला, ‘तू तिथून काय करणार?’ मला उत्तर सुचलं नाही. मी त्याला एवढंच सांगितलं की पुण्यात शनिवारचे अकरा म्हणजे उन्हाळ्यात आमच्याकडे सकाळचे साडेसात, आणि मी तेव्हा उठलेली असते. विचारून सांगतो म्हणाला.