डेडस्टॉकमधला टीव्ही

आमच्या जिल्हा परिषद शाळेत लोकवर्गणीतून स्मार्ट टीव्ही आला, तेव्हा त्याला हळदकुंकू वाहून, नारळ फोडून आणि सरपंचांचे भाषण ऐकवून आम्ही त्याचे रीतसर स्वागत केले. नंतर त्याच्यावर भरतकामाचे कापड चढले आणि रिमोट मुख्याध्यापकांच्या कपाटात गेला. कारण वस्तू एकदा डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीला, लागली की ती वापरण्यापेक्षा सांभाळण्यातच शिक्षकाचे हित असते. खडू मोडला तर एकाचे दोन होतात. टीव्ही मोडला तर पंचनामा होतो.

हे कारण मी शिक्षण परिषदेत सांगत असे. केंद्रप्रमुख दर वेळी परितेवाडीच्या डिसले गुरुजींचे उदाहरण देत. क्यूआर कोडच्या प्रयोगांसाठी गाजलेल्या या गुरुजींनी 2020 साली दहा लाख डॉलरचे ग्लोबल टीचर प्राइझ मिळवले आणि त्यातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली. आम्ही आदराने माना डोलावून चहा घेत असू. बालभारतीच्या पुस्तकातला तसलाच काळा-पांढरा चौकोन मी मात्र बराच काळ छपाईतला डाग समजत होतो, हे तिथे बोलण्यासारखे नव्हते.

खरे कारण वेगळेच होते. 24 वर्षे ज्या वर्गात माझा शब्द अखेरचा मानला गेला, त्याच वर्गात पाचवीच्या मुलांसमोर मला काही येत नाही हे उघडे पडेल, या धास्तीने माझ्या हाताला घाम फुटत असे.

अखेर तपासणीची तारीख आली आणि पृथ्वीच्या परिवलनाचा पाठ टीव्हीवर घेणे माझ्या वाट्याला आले. मी कापड काढले, लॅपटॉपची वायर खोचली आणि रिमोट वरून, खालून, बाजूने रोखून पाहिला. पडद्यावर ‘नो सिग्नल’ ही अक्षरे निवांत तरंगत राहिली. तेवढ्यात सतराचा पाढा येत नाही म्हणून मी ज्याला रोज उभा करतो, तो मुलगा न सांगताच उभा राहिला. “गुरुजी, इनपुट बदला. वायर दोन नंबरच्या एचडीएमआयला आहे.”

मी रिमोट निमूटपणे त्याच्या हाती दिला. चित्र आले, पण नेट रखडल्याने पडद्याच्या मध्यभागी एक वर्तुळ नुसते गरगरू लागले. “हेच का परिवलन, गुरुजी?” पुढच्या बाकावरून निरागस पृच्छा झाली, आणि तिचे उत्तर द्यायच्या आत वीज गेली. उरलेला पाठ मी चेंडू आणि मोबाइलच्या बॅटरीच्या उजेडावर पूर्ण केला.

हल्ली मधल्या सुट्टीत आमची देवाणघेवाण चालते: त्याने मला एक बटण शिकवायचे, मी त्याच्याकडून पाढ्याची एक ओळ घ्यायची. परवा मी कोणाच्याही मदतीशिवाय टीव्ही जोडला, तेव्हा तो सतरा साते एकशे एकोणीसपर्यंत पोचला होता. रिमोट त्याच्या दप्तरात असतो. रजिस्टरात मात्र त्याच्यापुढे अजून माझीच सही आहे.