फियाट, खर्रा आणि ४,९९९ रुपये

आमच्या गावात फुकट सल्ला मागावा लागत नाही. गाडीचं बोनेट उघडून नुसतं दोन मिनिटं उभं राहायचं. पहिल्या मिनिटात एक जण येतो, दुसऱ्या मिनिटात पाच, आणि तिसऱ्या मिनिटाला पानठेल्यावरची अख्खी बेंच उठून आलेली असते अन् तुमच्या हातातला पाना कोणाच्या तरी हातात गेलेला असतो. तो कधी गेला हे तुम्हाला कळत नाही, परत कधी येणार हे कोणालाच कळत नाही.

गाडी बाबांची. कागदावर प्रीमियर पद्मिनी, १९८६ ची, पण आमच्या दारव्हा तालुक्यात तिला पद्मिनी म्हणणारा माणूस मी तरी पाहिला नाही, सगळे फियाटच म्हणतात. बरोबरच आहे म्हणा, मूळची ती इटलीची फियाट ११००, कुर्ल्याच्या कारखान्यात बनायला लागली आणि पद्मिनी हे बारसं मागून झालं. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगला चिकटलेला हँडगिअर आणि पुढे सोफ्यासारखी लांब सीट. त्या सीटवर बाबांनी निवडणुकीत चार-चार माणसं बसवलीत. कापसाला बरा भाव मिळाला त्या साली सेकंडहँड घेतली होती. बाबा गेले, गाडी कोठ्यात गेली, वरून कुटार म्हणजे भुसा पडला आणि अकरा वर्षं मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. माय म्हणायची, गाडी बंद हाये पण एवरेज देऊन राहिली.

मग ऑक्टोबर २०२३ मधे मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्स्या बंद झाल्या, त्याची बातमी टीव्हीवर दाखवली, लोक गाडीला हार घालून रडत होते. मला पण भरून आलं. आमच्याकडची शकुंतला रेल्वे १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालायची, ती पुढं डिझेलवर गेली आणि शेवटी बंदच पडली तेव्हा कोणी हार घातला नाही, तेव्हा म्हटलं निदान फियाट तरी चालू करू. बायको म्हणाली, कोंबड्यांचं काय? हा प्रश्न तिने आजतागायत मागे घेतलेला नाही.

चालू व्हायला गाडी चालू झाली. टाकी धुतली, बॅटरी नवी, टायर नवे, आरटीओत नोंदणी नूतनीकरणाचे ५,००० भरले (२०२२ च्या एप्रिलपर्यंत हेच काम ६०० रुपयात व्हायचं, म्हणजे मला भावना थोड्या लवकर दाटून यायला पाहिजे होत्या). हिवाळाभर मस्त चालली. मार्च लागला आणि हिनं रंग दाखवले. पंधरा-वीस किलोमीटर गेलं, इंजिन चांगलं गरम झालं की फुर्रफुर्र करून बंद. सेल्फ मारा, धक्का मारा, काही नाही. अर्ध्या तासानं जसं काही झालंच नाही अशी एका सेल्फात चालू. भर उन्हात रस्त्याच्या कडेला पळसाच्या झाडाखाली बसून मी अर्धा अर्धा तास काढलाय, आणि पळसाला मार्चमधे पानं नसतात, फुलं असतात, हे ज्यांनी कवितेत वाचलंय त्यांना त्यात सौंदर्य दिसत असेल.

इथून फुकट मदत सुरू झाली.

पहिला आला तो ट्रॅक्टरवाला. तो म्हणे, "काही नाही भाऊ, पॉईंट गेले." डेल्कोचं, म्हणजे प्लगांना करंट वाटणाऱ्या डबीचं झाकण काढलं, आतले पॉईंट पॉलिश पेपरनं घासले आणि गॅप मोजायला माझ्याच खिशातलं माझ्याच दुकानाचं व्हिजिटिंग कार्ड घातलं. गाडी एक दिवस चालली. दुसरा म्हणे कॉइल. नवीन कॉइल आणली यवतमाळहून, जायला यायला ऐंशी किलोमीटर. जुनी कॉइल त्यानं "पाहून सांगतो" म्हणून नेली ती आजही पाहूनच राहिला. तिसरा माझा मावसभाऊ. याने मोबाईलवर व्हिडिओ बघत कार्बोरेटर उघडला, व्हिडिओ मधेच अटकला, तरी हा थांबला नाही. कार्बोरेटरातून एक स्प्रिंग टण्णकन उडाली ती थेट कुटाराच्या ढिगात. सहा माणसं दोन तास कुटार चाळत होती. स्प्रिंग नाही सापडली, पण मायचं २०११ साली हरवलेलं जोडवं सापडलं, त्यामुळे घरात त्या मावसभावाला मेकॅनिक म्हणून मान आहे.

यांच्यातला एकही जण पैसे घेत नाही. पैशाचं नाव काढलं तर राग येतो, "आपल्यात पैशे कायचे बे?" पण चहा लागतो. आलुबोंडा लागतो. खर्रा, म्हणजे आमचा सुपारी-तंबाखूचा घोटा, तर लागतोच, आणि तो पन्नीत घोटून होईपर्यंत कामाला हात लागत नाही. मग ट्रॅक्टरवाल्याला पेरणीच्या वेळी बियाणं उधार लागतं, कारण माझं कृषी सेवा केंद्र आहे आणि पॉईंट त्याने घासून दिलेत. मी एकदा वहीत हिशोब मांडला. मार्च ते मे, फुकटची मदत, ७,३४० रुपये, उधारी सोडून. वही लपवून ठेवली, कारण बायकोला दाखवली असती तर कोंबड्यांचा विषय निघाला असता.

खरं तर मला बोलायचा अधिकार नाही. माझाच धंदा फुकट सल्ल्याचा आहे. सकाळी आठपासून लोक खिशातून कपाशीचं बोंड काढून काउंटरवर ठेवतात, "पाय बरं भाऊ, हे गुलाबी अळी हाये का?" मी बोंड फोडतो, अळी दाखवतो, एकरी दोन कामगंध सापळे लावा, फरदड घेऊ नका म्हणजे हंगाम संपल्यावर तीच कपाशी पुढे ठेवू नका, सगळं सांगतो, आणि तो माणूस मान हलवून समोरच्या दुकानातून पाच रुपये स्वस्त औषध घेऊन जातो. त्यामुळे सल्ल्याला किंमत का असायला पाहिजे हे मला कोणी शिकवायची गरज नाही, फक्त ती मला कोणी दिलेली नाही.

याच रागात मी एका रात्री मेंटॉर विकत घेतला.

मेंटॉर म्हणजे जुन्या गाड्यांचा ऑनलाईन गुरू. ४,९९९ रुपये, पंचेचाळीस मिनिटांची तीन सेशन. आमच्या गावात रेंज फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकून येते, म्हणून रात्री नऊला मी गच्चीवर, अंगात बनियन, हातात फोन, आणि खाली अंगणात पानठेल्याची बेंच पूर्ण हजर, कारण बातमी फुटली होती की मी गाडीबद्दल बोलायचे पैसे दिलेत. असा वेडेपणा तालुक्यात पहिल्यांदाच होत होता.

मेंटॉर स्वच्छ कपड्यातला माणूस. मागे भिंतीवर पाने असे चढत्या क्रमाने टांगलेले की मला माझ्या आयुष्याची लाज वाटली. त्याने पहिलाच प्रश्न टाकला, "सर, या गाडीबद्दल तुमचं व्हिजन काय आहे?"

म्हटलं, "बंद पडू नये."

खालून कोणीतरी जोरात हसलं.

तो हसला नाही. बराच वेळ पॅशनबद्दल बोलला, पंधरा मिनिटं तर गेलीच असतील, म्हणजे साडेपाचशे रुपये, मी मनात मीटर टाकून बसलो होतो. पण मग त्याने एक गोष्ट विचारली. गाडी बंद पडते तेव्हा किती किलोमीटर झालेले असतात, टाकीत पेट्रोल किती असतं, आणि बंद पडल्या पडल्या प्लगची वायर काढून बॉडीजवळ धरली तर ठिणगी उडते का? मी गप्प. तीन महिन्यात सात जणांनी गाडी खोलली होती, पण हे एकानेही विचारलं नव्हतं. सगळ्यांना उत्तर आधीच माहीत होतं ना. तो म्हणाला, "काही बदलू नका. पंधरा दिवस फक्त लिहून ठेवा."

मी लिहून ठेवलं. आता यात एक गंमत आहे. हेच मला मावसभावाने सांगितलं असतं, "लिहून ठेव दादा", तर मी म्हटलं असतं चल निघ इथून. पण ४,९९९ भरले होते त्यामुळे मी शाळेत कधी लिहिली नाही अशी वही लिहिली, लाल पेनाने मार्जिन आखून. दिनांक, किलोमीटर, ऊन किती, ठिणगी आहे, ठिणगी आहे, ठिणगी आहे. म्हणजे करंट येतो. म्हणजे पेट्रोल येत नाही. घासलेले पॉईंट आणि यवतमाळची कॉइल, दोन्ही पाण्यात.

दुसऱ्या सेशनला मेंटॉर म्हणाला, व्हेपर लॉक. म्हणजे या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनालाच बसवलेला, इंजिन तापलं की पंप आणि पाईप तापतात, पेट्रोलची आतच वाफ होते आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. उपाय, पंपावर ओलं फडकं. त्यातही फरक पडला नाही तर पंप तपासायचा. तिसरं सेशन मात्र रेंजने खाल्लं. तो काहीतरी "डाय... डाय..." म्हणत होता आणि मी टाकीवर चढून "हॅलो हॅलो" म्हणत होतो, आणि खालून ट्रॅक्टरवाला ओरडत होता, "भाऊ, डाय मंजे मर म्हणून राहिला तो इंग्रजीत!"

ओल्या फडक्याने पाचदहा किलोमीटर वाढले. पण बंद पडायची ती पडलीच.

शेवटी गेलो मिस्त्रीकाकाजींकडे. एसटीच्या डेपोतून रिटायर झालेला माणूस, डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून कोणाच्या गाडीला हात लावत नाहीत, ओट्यावर बाज टाकून पडलेले असतात. मी वही पुढे केली. त्यांनी ती नातवाकडून वाचून घेतली, पूर्ण, मधे एकदाही बोलले नाहीत. मग उठले, चप्पल शोधली, गाडीशी आले, ऑइलची पट्टी ओढून काढली आणि पुसली नाही, बघितली पण नाही. नाकाला लावली. मग माझ्या नाकाला लावली.

"कायचा वास येते?"

"ऑइलचा."

"नीट घे बापू."

नीट घेतला. पेट्रोल.

"पंपाचा पडदा फाटला. पेट्रोल कारबेटरात कमी अन् ऑइलात जास्त जाऊन राहिलं. गरम झाला का पडदा आणखी ढिला पडते. तुया बाच्या वक्ती पेट्रोल साधं होतं, आता त्याच्यात इथेनॉल घालतेत, जुनं रबर खाऊन टाकते ते." मग बाजेवर परत बसता बसता म्हणाले, "आन हे वही लिवाले कोनं सांगतलं? हुशार मानूस दिसते."

पडदा म्हणजे इंग्रजीत डायफ्रॅम. डाय, डाय, डायफ्रॅम! मेंटॉर तिसऱ्या सेशनमधे तेच सांगत होता, आणि मी ते टाकीवरून ऐकत नव्हतो.

पंपाची किट मागवली, आतला पडदा बदलला, ऑइल बदललं. किट ६५० रुपयाची. पडदा बदलताना काकाजी बाजूला खुर्ची टाकून बसले होते आणि हात नातवाचे होते आणि शिव्या मला. गाडी त्या दिवशी यवतमाळला जाऊन परत आली, ऊन चव्वेचाळीस, एकदाही थांबली नाही. मी काकाजींना पाकिटात हजार रुपये घालून दिले. त्यांनी पाकीट न उघडता माझ्या खिशात परत कोंबलं, असं कोंबलं की खिसा फाटला.

"येडा झाला का? घरच्या पोराचे पैशे घेऊ का मी? फक्त नातीचं लगन हाये बावीस तारखेले. नवरदेव फियाटीतच येईन म्हनते."

मेंटॉरचं बरं असतं. ४,९९९ दिले, पावती मिळाली, विषय संपला. त्याच्या घरी लग्न असलं तर मला कळणार पण नाही. काकाजींनी काही घेतलं नाही त्याला आता पाच लग्नं झाली, त्यातली दोन तर त्यांच्या जातीतली पण नाहीत, नातेवाईकाच्या मित्राच्या साळ्याची. आणि नाही म्हणायची सोय नाही, कारण नाही म्हणताना सांगणार काय, की तुम्ही माझी गाडी फुकट दुरुस्त केली होती म्हणून?

बावीस तारखेची वरात मारुतीच्या देवळापासून निघाली ते मंडपापर्यंत, अंतर आठशे मीटर, वेळ दोन तास चाळीस मिनिटं. पुढे डीजे, मधे पोट्टे नाचून राहिलेले, मागे पहिल्या गिअरात क्लच दाबून दाबून माझा पाय कामातून गेलेला. मागच्या सीटवर नवरदेव, मुंडावळ्या, आणि दोन करवल्या. पडदा नवा असला तरी वैशाखाचं ऊन ते ऊनच, शाळेच्या चौकात फियाट फुर्रफुर्र करायला लागली. डीजे थांबेना. मी बोनेट उघडलं आणि दोन मिनिटं उभं राहायची पण गरज पडली नाही, अख्खी वरातच तिथे होती. मावसभाऊ पाना घेऊन धावत आला, त्याला मी हाताने अडवला. काकाजींनी गर्दीतून हात वर केला, "कोनी काई खोलाचं नाही! फडकं आना!"

फडकं कोणाकडे नव्हतं. नवरदेवाच्या मामाच्या खांद्यावर आहेराचा कोरा टॉवेल होता. तो थंड पाण्याच्या जारमधे बुडवून पंपावर घातला, चर्रर्र आवाज आला, वाफ निघाली, आणि डीजेवाल्याला वाटलं काहीतरी स्पेशल इफेक्ट आहे, त्याने आवाज वाढवला.

दहा मिनिटांत गाडी चालू झाली. मामा अजून टॉवेल मागतात.