कल्याणच्या पुढे फक्त घरं विकली जातात, हा समज आता सोडा

“राहायला डोंबिवली-बदलापूर ठीक आहे, पण ऑफिस किंवा कारखाना तिथे काढू नका.” हा सल्ला हल्ली गुंतवणुकीच्या प्रत्येक चर्चेत कुणीतरी पुढे ढकलतो. त्यामागची कारणंही ठरलेली असतात. तिथे उद्योगाची परंपरा नाही, लोकलच्या गर्दीमुळे माणसं कामावर पोचणार नाहीत, चांगल्या कंपन्या मुंबई सोडत नाहीत, जमेची बाजू म्हणजे फक्त स्वस्त जमीन, आणि वरून स्फोट, पूर नि वाहतूक कोंडी.

मी डोंबिवलीत राहतो. या पट्ट्यातल्या लहान उद्योजकांशी माझं रोजचं काम असतं. असा सल्ला ऐकून बाहेरचा एखादा उद्योजक इथली जागा न बघताच परत फिरतो, तेव्हा नुकसान इथल्या माणसांचं होतं, म्हणून एकेक मुद्दा घेऊन बोलतो. यातलं काही खरं आहे. तेही सांगतो.

“तिथे उद्योगाची परंपरा नाही”

हे तर सरळ चूक आहे. अंबरनाथला विम्कोचा आगपेट्यांचा कारखाना 1920 च्या दशकात उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर तिथेच आयुध निर्माणी आली. शहाडला सेंच्युरी रेयॉन, मोहोन्याला एनआरसी (नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन), ठाकुर्लीला रेल्वेला वीज पुरवणारं चोळा पॉवर हाऊस, कल्याणला इलेक्ट्रिक लोको शेड. फाळणीनंतर निर्वासितांच्या छावणीतून उल्हासनगर वसलं आणि तिथे फर्निचरपासून जीन्सपर्यंतचे धंदे लोकांनी स्वतःच्या हिमतीवर उभे केले. एमआयडीसी स्थापन झाली 1962 साली, आणि डोंबिवली-अंबरनाथच्या वसाहती तिच्या सुरुवातीच्या काळातल्या आहेत. भिवंडीचे यंत्रमाग आणि नंतरची गोदामं मी यात धरलेलीच नाहीत.

उलट झालं असं, की जे होतं ते हातचं गेलं. एनआरसी 2009 साली बंद पडली आणि कामगार आपल्या थकलेल्या देण्यांसाठी वर्षानुवर्षं झगडत राहिले. पॉवर हाऊस त्याच्या कितीतरी आधी थंडावलं होतं. कारखाने गेले, आजूबाजूच्या जमिनींवर इमारती आल्या, आणि पुढच्या पिढीने हा भाग फक्त इमारतींचाच पाहिला. परंपरा नव्हती असं म्हणणाऱ्यांनी मोहोन्यात एनआरसीच्या जुन्या कामगारांच्या घरी जाऊन एकदा बोलावं.

“लोकलच्या गर्दीत कामगार पोचणारच नाही”

हा मुद्दा सगळ्यात जास्त पटतो, कारण गर्दी सगळ्यांनी पाहिलेली आहे. पण ती कुठल्या दिशेची आहे, हे कुणी बघत नाही.

सकाळी साडेआठच्या सुमाराला डोंबिवली स्टेशनच्या पुलावर उभं राहा. मुंबईकडे जाणाऱ्या फास्ट लोकलला दारात पाय टेकवायला जागा नसते. बसायला मिळावं म्हणून कित्येक जण आधी उलटे कल्याणला जातात आणि तिथून त्याच गाडीत बसून परत येतात. त्याच वेळी डाऊन मार्गावरून बदलापूर-कर्जतकडे जाणारी गाडी निघते. कल्याण मागे पडलं की तिच्यात बाकावर बसायला जागा मिळते. संध्याकाळी नेमकं उलटं. म्हणजे रेल्वे रोज दोन्ही दिशांना गाड्या चालवते, डबे तेवढेच, मोटरमन तेवढेच, आणि त्यातल्या एका दिशेची बरीचशी क्षमता वाया जाते. अंबरनाथला ऑफिस किंवा कारखाना असेल, तर ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, डोंबिवलीहून येणारा माणूस या मोकळ्या दिशेने प्रवास करतो.

दुसरी गोष्ट कल्याण जंक्शनची. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली 1853 साली, आणि पुढच्याच वर्षी रेल्वे कल्याणला पोचली. तिथून मार्ग दोन घाटांकडे फुटले, एक कसाऱ्यावरून नाशिककडे, दुसरा कर्जतवरून पुण्याकडे. मुंबईपासून कल्याण 54 किलोमीटर, कर्जत 100, कसारा 121. टिटवाळा, आसनगाव, वांगणी, नेरळ इथला माणूस मुंबईत नोकरी करतो तेव्हा तो कल्याणपर्यंतचं अंतर तर काटतोच, पण त्यापुढे आणखी तासभर उभा असतो. तो तास वाचवून देणारी नोकरी मिळाली तर तो थोड्या कमी पगारालाही हो म्हणेल, आणि सहजासहजी सोडून जाणार नाही. माणसं टिकत नाहीत ही प्रत्येक मालकाची तक्रार असते. इथे माणसं टिकायचं कारण रेल्वेच्या नकाशातच आहे. शिवाय दिव्याहून एक मार्ग वसईला जातो, दुसरा पनवेलला.

काम पुढेही सरकतं आहे. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका 2022 साली सुरू झाली. कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेचं आणि कल्याण-कसारा तिसऱ्या मार्गिकेचं काम हाती आहे. कळवा-ऐरोली उन्नत जोडमार्ग मात्र रखडलाय. त्यातलं दिघा गाव स्टेशन 2024 मध्ये उघडलं, पण कल्याणकडची लोकल थेट नवी मुंबईत जाण्याचा भाग अजून झालेला नाही. या एका कामासाठी इथल्या लोकप्रतिनिधींनी जितका जोर लावायला हवा होता तितका लावलेला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि गर्दीचा मुद्दा पुढे करणाऱ्यांना एक विचारतो. 9 जून 2025 च्या सकाळी दिवा-मुंब्रादरम्यान दारात लटकलेले प्रवासी रुळांवर पडले आणि किमान चौघांचा जीव गेला. गर्दी जीवघेणी आहे हे तुम्हीच सांगता. मग सगळ्या नोकऱ्या मुंबईतच ठेवा, हा त्यावरचा उपाय कसा होऊ शकतो?

“चांगल्या कंपन्या मुंबई सोडत नाहीत”

ठाण्याचं वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर पट्टा बघा. ऐरोली, रबाळे, घणसोली, महापे हा एके काळी रसायनं आणि औषधांच्या कारखान्यांचा भाग होता. आज तिथे आयटी पार्क आहेत, डेटा सेंटर आहेत. 2004 साली ठाणे-तुर्भे-वाशी रेल्वे सुरू झाल्यावर या ऑफिसांना माणसं कुठून मिळाली, हे पाहायचं असेल तर सकाळी ठाणे स्टेशनच्या नऊ-दहा नंबरच्या फलाटावर जा. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली जी मुलं-मुली ट्रान्स हार्बर लोकलची वाट बघत असतात, त्यांतली कितीतरी कल्याण-डोंबिवली-बदलापूरहून येऊन तिथे गाडी बदलतात. याचा अर्थ कंपन्यांनी मुंबई सोडली, आणि माणसं आमचीच घेतली. फक्त ऑफिस आमच्यापासून दोन गाड्यांच्या अंतरावर ठेवलं.

2011 च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास होती, उल्हासनगरची पाच लाखांवर, अंबरनाथची अडीच लाखांवर, बदलापूरची पावणेदोन लाखांच्या घरात. त्यानंतर किती टॉवर उभे राहिले ते डोळ्यांनी दिसतंय. बँक, विमा, सॉफ्टवेअर, ड्रॉइंग ऑफिस, प्रयोगशाळा, सगळीकडे काम करणारी माणसं या चार शहरांत राहतात. गुंतवणूकदाराला दाखवायची पहिली गोष्ट ही आहे. “मुंबईपासून तासाभरावर” ही जाहिरात घर विकणाऱ्याच्या कामाची, कारण तिच्यात नोकरी मुंबईतच राहील हे गृहीत धरलेलं असतं.

“फायदा एकच, स्वस्त जमीन”

जमीन आता स्वस्त राहिलेली नाही. तिच्या जोरावर कुणाला बोलावू नये. आलेला माणूस आणखी स्वस्त जमीन मिळाली की मुरबाड-शहापूरकडे किंवा थेट नाशिकला जाईल.

खरा फायदा दिसतो तो अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतल्या गाळ्यांमधून फिरल्यावर. पंपाचा एक शाफ्ट घ्या. एका गाळ्यात तो सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर, उतरतो, हीट ट्रीटमेंट दुसरीकडे, ग्राइंडिंग तिसरीकडे, प्लेटिंग चौथीकडे. सगळं जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्याच्या मालावर मजुरीने केलेलं काम; चलान लिहून टेम्पोत टाकायचं. माप चुकलं तर फोन करायचा आणि स्कूटरवर व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, घेऊन जायचं. ज्याला नवीन यंत्र बनवायचंय, नमुना पुन्हा पुन्हा बदलायचाय, त्याला ही सोय शेकडो एकरांच्या मोकळ्या प्लॉटवर मिळत नाही. ती तयार व्हायला तीस-चाळीस वर्षं लागतात. ‘कामा’ आणि ‘आमा’ या इथल्या उद्योजक संघटनांकडे कोण काय बनवतो याची माहिती असते, आणि नव्या माणसाने आधी तिथे चौकशी करावी.

पाण्याचंही बोलतो. बारवी धरण एमआयडीसीच्या मालकीचं आहे आणि त्याची उंची वाढवल्याने साठा वाढला. पण तेच पाणी आसपासच्या शहरांना प्यायलाही जातं, आणि शहरं थांबायचं नाव घेत नाहीत. उद्योगाला पुढच्या दहा वर्षांत किती पाणी नक्की मिळणार, हे गुंतवणूकदाराने विचारलं तर त्याला लेखी उत्तर मिळायला हवं.

“स्फोट, पूर, कोंडी”

हे खरं आहे आणि ते झाकू नये. डोंबिवली एमआयडीसीत 26 मे 2016 आणि 23 मे 2024 या दिवशी झालेल्या स्फोटांत माणसं गेली, दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. 2020 साली इथला रस्ता रसायनांनी गुलाबी झालेला सगळ्या राज्याने पाहिला. धोकादायक कारखाने हलवण्याच्या घोषणा झाल्या, अंमलबजावणी तेवढी झाली नाही. 27 जुलै 2019 ला बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं.

पण यावरून इथे काहीच काढू नका हा निष्कर्ष निघत नाही. घरांना चिकटून घातक रसायनांची साठवण नको, उल्हास नदीच्या पूररेषेत बांधकाम नको, एवढंच यातून निघतं. ठाणे-बेलापूर पट्ट्यातही रसायनंच होती. घातक कारखाना गेला की त्या भूखंडावर परत निवासी टॉवर न येता अभियांत्रिकी, अन्नप्रक्रिया, ऑफिस असं काही आलं, तर स्टेशनजवळचा रोजगार टिकेल. डेटा सेंटरचं मला तितकं कौतुक नाही. वीज आणि जागा भरपूर लागते, नोकऱ्या मोजक्या.

कोंडीबद्दल थोडक्यात. शीळफाटा अजूनही डोकेदुखी आहे. पण मोठागाव-माणकोली पुलाने डोंबिवली थेट मुंबई-नाशिक महामार्गाजवळ आणली. 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये भिवंडी तालुक्यातल्या आमण्यापर्यंत पूर्ण झाला. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये झालं. ऐरोली-काटई मार्ग आणि कल्याणकडे येणारी मेट्रो यांची कामं चालू आहेत, ती पूर्ण होईपर्यंत जाहिरातीत घालू नयेत.

मग गुंतवणूकदार का येत नाही? कारण त्याच्याशी बोलायला कुणी एक माणूस नाही. कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी या महापालिका, अंबरनाथ-बदलापूरच्या नगरपालिका, एमआयडीसी, एमएमआरडीए. प्रत्येकाची हद्द वेगळी, परवानगी वेगळी, आणि दुसऱ्याकडे बोट दाखवणं मात्र सगळीकडे सारखं. कल्याण ग्रोथ सेंटरची दहा गावांची योजना कागदावर येऊन इतकी वर्षं झाली, त्यातून एक साधा संपर्क कक्षही उभा राहिला नाही.

तो कक्ष कल्याण स्टेशनजवळ सुरू करा. त्यात या सगळ्या संस्थांचा एकेक अधिकारी बसवा. रिकामे भूखंड आणि गाळे, उपलब्ध पाणी, सांडपाणी प्रक्रिया केंद्राची शिल्लक क्षमता, पूररेषेचा नकाशा आणि सकाळच्या डाऊन गाड्यांचं वेळापत्रक ही माहिती दर महिन्याला मराठी, हिंदी आणि इंग्रजीत प्रसिद्ध करा. आणि डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर स्टेशनांपासून एमआयडीसीपर्यंत सकाळ-संध्याकाळ नेमाने बस सोडा. आज तिथवर जायला शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहावं लागतं, आणि कामाला आलेल्या नव्या माणसाचा पहिला अर्धा तास तिथेच जातो.