बेदाणा परका, मग मनुका कुणाची?

२७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन जवळ आला की नाशिककरांच्या ग्रुपांवर याद्या फिरू लागतात. हा शब्द फारसी, तो अरबी, त्याऐवजी हा वापरा. नाशिकला हा वाद नवा नाही. भगूरच्या सावरकरांनी दिलेले 'महापौर' आणि 'दिनांक' आज कुणाला घडवलेले वाटतही नाहीत, इतके ते रुळलेत. पण यादीत 'बेदाणा काढा, मनुका म्हणा' असं आलं की रॉटरडॅममध्ये बसून हसू येतं. निफाड-दिंडोरीची द्राक्षं दर हंगामात याच बंदरात उतरतात, आणि या एका फळाच्या नावांनी युरोपात जो घोळ घातलाय तो पाहिला की मराठीचं कौतुक वाटू लागतं.

आधी बेदाणा. फारसीत 'बे' म्हणजे विना आणि 'दाना' म्हणजे बी, म्हणून बेदाणा बिनबियांचा. शब्द परका खरा, पण फारसी 'दाना' आणि संस्कृत 'धाना' ही सख्खी भावंडं. कुणाला घराबाहेर काढायचं ते आधी ठरवा. आता मनुका. ती तर अरबी 'मुनक्का'वरून आलेली, अर्थ साफ केलेलं, निवडलेलं. (साफ केलेल्या या मनुकेतच बिया दाताखाली येतात, ते सोडा.) म्हणजे फारसी शब्द हाकलून त्याच्या जागी अरबी बसवायचा, आणि याला शुद्धी म्हणायचं! थेट संस्कृतात जावं तर तिथे 'द्राक्षा' ओलीही आणि सुकीही. द्राक्षासवात ताजी द्राक्षं नसतात, मनुका असतात.

इथल्या भाषांचं काय? फ्रेंचमध्ये 'रेझँ' म्हणजे ताजी द्राक्षं. सुकी हवी असतील तर 'सेक' जोडावं लागतं. इंग्रजीने तोच शब्द उचलून फक्त सुक्यांना 'रेझिन' म्हटलं, आणि ताज्यांसाठी 'ग्रेप' घेतला तो घडाच्या जुन्या फ्रेंच शब्दावरून. जर्मनचा 'ट्राउबं' हाही मुळात घडच. आपल्या बागायतदाराकडे मात्र घड वेगळा, त्यातला एकेक मणी वेगळा. मणी तडकला म्हटलं की अख्ख्या दिंडोरीला कळतं काय झालं ते.

सुक्याची गंमत तर पुढेच आहे. ब्रिटनमध्ये सुक्या द्राक्षांची तीन नावं: रेझिन, सुलताना, करंट. करंट ही छोटी काळी जात, नाव ग्रीसच्या कोरिंथ गावावरून. रेझिन आणि सुलताना मात्र बऱ्याचदा एकाच जातीची असतात. आपण जिला थॉमसन म्हणतो तीच ऑस्ट्रेलियात सुलताना, मध्य आशियात किशमिश. फरक पडतो तो सुकवण्यात. थॉमसनचे घड तसेच उन्हात टाकले तर ते हळूहळू सुकतात आणि रंग तपकिरी-काळा होतो. बेदाण्यासाठी लिटरभर पाण्यात २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली इथाइल ओलिएट, म्हणजे आपलं 'डिपिंग ऑइल', घालतात. घड त्यात २ ते ४ मिनिटं बुडवून शेडमध्ये सावलीत जाळीवर टाकतात. मण्यावरचा मेणाचा थर विस्कटतो, पाणी झपाट्याने उडतं, आणि १५ ते २० दिवसांत हिरवट-पिवळा माल तयार होतो. साधारण ४ किलो द्राक्षांचा १ किलो बेदाणा. घड जास्त वेळ बुडाले तर माल चिकट होतो, गोडी २० ब्रिक्सच्या (रसातल्या साखरेचं माप) खाली असताना तोडले तर बेदाणा हलका आणि सुरकुतलेला निघतो, आणि जाळीवर माल असताना अवकाळी आला तर रंग गेलाच.

आपला व्यापारी या मालाला बेदाणा म्हणतो आणि काळ्या, बियांच्या मालाला मनुका. दोन माल, दोन शब्द. यादीवाले नेमका हाच भेद पुसायला निघालेत.

भेद पुसला की काय होतं ते भाषांतरात दिसतं. 'ब्लॅककरंट'चं सर्रास 'काळी मनुका' होतं. ते झुडपावरचं वेगळंच आंबट फळ, द्राक्षाशी त्याचं नातं नाही. इथल्या दुकानात भारी किमतीला मिळणारं 'मनुका' मध पाहून गावाकडचे विचारतात, द्राक्षाच्या बागेतलं का? नाही, न्यूझीलंडच्या एका झाडाचं ते माओरी नाव. आपल्या उपखंडातही तेच. बंगालीत 'बेदाना' म्हणजे डाळिंब, त्यामुळे ढाक्याहून बेदाण्याची मागणी आली तर पिंपळगावच्या व्यापाऱ्याने आधी फोटो मागवावा. मल्याळममध्ये 'मुंतिरी' द्राक्ष, शेजारच्या तमिळमध्ये काजू.

कस्टमवाल्यांनी यावर आकड्यांचा तोडगा काढलाय: ताजी द्राक्षं ०८०६.१०, सुकी ०८०६.२०. कागदावर हा आकडा असला की ताजी की सुकी हा घोळ उरत नाही. पण पाकीट उघडणारा माणूस आकडे वाचत नाही. नाशिकहून येणाऱ्या कितीतरी पाकिटांवर मराठीत काहीच नसतं; इंग्रजीत 'रेझिन्स', मग आत पिवळा बेदाणा असो की काळी मनुका. पिवळ्या मालाला बऱ्याचदा गंधकाची धुरी दिलेली असते, त्यातून मालात सल्फाइट उतरतं. युरोपात सल्फाइट किलोला १० मिलिग्रॅमच्या वर गेलं की पाकिटावर लिहावंच लागतं, कारण दम्याच्या काही रुग्णांना ते बाधतं. म्हणजे नुसतं 'रेझिन्स' छापणं इथे पुरतही नाही.

तेव्हा यादी करायचीच असेल तर पाकिटावर काय छापायचं त्याची करा: बेदाणा, पिवळा, बिनबियांचा, गंधकाची धुरी दिलेला. किंवा मनुका, काळी, बियांसह, उन्हात सुकवलेली.