निर्वाचकाचं मत आणि राज्याचा अधिकारी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘अमेरिकेत राज्याचा अधिकारी निर्वाचकाच्या मताला हात लावू शकत नाही’ हे माझं वाक्य तुम्ही नेमकं पकडलंत. (निर्वाचक म्हणजे राष्ट्राध्यक्ष निवडण्यासाठी प्रत्येक राज्यातून नेमले जाणारे प्रतिनिधी. जनतेच्या मतदानानंतर राष्ट्राध्यक्षपदासाठीचं औपचारिक मत तेच देतात.) २०१६ साली कोलोरॅडोत निर्वाचकाला काढून दुसरा बसवला, ते काय होतं, असं विचारलंत. आक्षेप रास्त आहे, वाक्य ढिसाळ होतं. पण ‘म्हणजे अधिकाऱ्याच्या मनात आलं की मत फिरतं’ हा तुमचा निष्कर्ष मला मान्य नाही.

आधी कोलोरॅडोच बघू. १९ डिसेंबर २०१६ रोजी तिथले ९ निर्वाचक मत द्यायला जमले. मतपत्रिकेवर हिलरी क्लिंटन यांचं नाव होतं. त्यांच्यापैकी मायकेल बाका यांनी ते खोडून रिपब्लिकन नेते जॉन केसिक यांचं नाव लिहिलं. सेक्रेटरी ऑफ स्टेट वेन विल्यम्स यांनी ते मत धरलंच नाही, बाकांना पदावरून दूर केलं आणि बदली निर्वाचकाने क्लिंटन यांना मत दिलं. (राज्याचा सेक्रेटरी ऑफ स्टेट म्हणजे निवडणुकीचा कारभार पाहणारा अधिकारी. नावामुळे परराष्ट्रमंत्री आठवतो, तसं नाही.) आता विल्यम्स यांच्या हातात काय होतं? राज्यात जिंकलेल्यालाच मत द्यावं, हा कोलोरॅडोचा कायदा आधीपासून होता, आणि तसं मत न दिल्यास जागा रिकामी झाली असं समजावं, हे राज्यातल्या न्यायालयाने काही दिवस आधीच सांगितलं होतं. नाव निवडायची मुभा विल्यम्स यांना नव्हती.

त्याच दिवशी इतर राज्यांत काय झालं ते शेजारी ठेवा. टेक्सासमध्ये तेव्हा असा कायदाच नव्हता. दोन मतं फुटली आणि दोन्ही मोजली गेली. हवाईत कायदा होता पण शिक्षा नव्हती. बर्नी सँडर्स यांना पडलेलं मत मोजलं गेलं. वॉशिंग्टन राज्यात चौघे फुटले. मतं धरली गेली, नंतर प्रत्येकी १,००० डॉलर दंड बसला. अधिकारी चारही ठिकाणी होते. फरक पडला तो विधिमंडळाने कायद्यात काय लिहून ठेवलं होतं त्याने.

सर्वोच्च न्यायालयाने ६ जुलै २०२०च्या ‘चिआफालो विरुद्ध वॉशिंग्टन’ निकालात (चिआफालो हे वॉशिंग्टनमध्ये दंड झालेल्या चौघांपैकी एक) हेच एकमताने उचलून धरलं. निर्वाचक नेमण्याचा अधिकार राज्याचा, म्हणून नेमताना अट घालण्याचा आणि ती मोडल्यास कारवाई करण्याचा अधिकारही राज्याचा. बाकांचा खटलाही त्याच दिवशी, त्याच कारणांनी निकाली निघाला.

आपल्या राष्ट्रपती निवडणुकीशी तुम्ही केलेली तुलना इथे उलटी पडते. तिथे आमदाराचं मतदान गुप्त असतं आणि व्हिप काढता येत नाही. म्हणजे आपला आमदार त्या निर्वाचकापेक्षा मोकळा.

खरी काळजी वेगळ्या जागी आहे. निर्वाचक पक्षच निवडतो, त्यामुळे तो सहसा फुटत नाही. दबाव येतो तो त्याच्या आधीच्या पायरीवर: कोणाचे निर्वाचक नेमले गेले हे ठरवणाऱ्या मोजणीवर आणि गव्हर्नरच्या (राज्याच्या निवडून आलेल्या प्रमुखाच्या) प्रमाणपत्रावर. २०२०ची निवडणूक हरलेल्या ट्रम्प यांनी २ जानेवारी २०२१ रोजी जॉर्जियाचे सेक्रेटरी ऑफ स्टेट ब्रॅड रॅफेन्सपर्गर यांना फोन करून ११,७८० मतं शोधायला सांगितलं. तिथलं बायडन यांचं मताधिक्य ११,७७९ होतं! जॉर्जियाचे निर्वाचक १४ डिसेंबरलाच मत देऊन मोकळे झाले होते, तरी रोख मोजणीवरच होता.

म्हणूनच निर्वाचकांच्या मतमोजणीबद्दलच्या २०२२च्या सुधारित फेडरल कायद्याने या पायरीला कुलूप घातलं. निर्वाचकांची नेमणूक जनतेच्या मतदानाच्या दिवसाआधी केलेल्या राज्याच्या कायद्यानुसारच होणार. निकाल नावडला म्हणून नंतर विधिमंडळाला नियम बदलता येणार नाही. प्रमाणपत्र निर्वाचकांच्या बैठकीच्या किमान सहा दिवस आधी निघालं पाहिजे. गव्हर्नरने अडवलं तर उमेदवाराला तीन न्यायाधीशांच्या फेडरल न्यायालयात जाता येतं, आणि तिथून थेट सर्वोच्च न्यायालयात.

शेवटी तुम्ही विचारलंत, जनतेचं मतदान आणि निर्वाचकांचं मतदान यांच्या मधल्या काळात उमेदवारच वारला तर? १८७२ साली राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार होरेस ग्रीली जनतेच्या मतदानानंतर २९ नोव्हेंबरला वारले. त्यांच्या ६६ निर्वाचकांपैकी ६३ जणांनी इतरांना मतं दिली आणि ग्रीलींना पडलेली ३ मतं काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, मोजली नाहीत. चिआफालो निकालाच्या एका तळटीपेत स्पष्ट म्हटलं आहे की मृत उमेदवाराला मत देण्याची सक्ती राज्याला करता येते, असा अर्थ या निकालातून काढू नये. तिथे काय करायचं, हे त्या त्या राज्याच्या कायद्यात पाहावं लागतं.