‘ब्राइटनेस वाढवला की झालं’ म्हणणाऱ्या भाऊंना

खोलीतल्या उजेडाप्रमाणे टीव्हीचं चित्र कसं लावावं, या माझ्या लेखावर धुळ्याच्या एका वाचकांनी लिहिलंय: ‘ब्राइटनेस वाढवला की झालं. एवढ्यासाठी चार पानं? एसीत पडदे ओढून बसणाऱ्यांना खान्देशातलं ऊन काय कळणार! गॅमा कोण बघतो? आणि ओएलईडीबद्दल अवाक्षर नाही.’

भाऊ, लेख लांबला, हे मान्य. पण मी एसीत पडदे ओढून बसतो, हे तुम्हाला सांगितलं कुणी? जन्म अमळनेरचा. चाळीसगावला वडिलांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, शाळा सुटली की मी तिथेच पडीक. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की गिऱ्हाईक हमखास यायचं, ‘दुपारी चित्र दिसत नाही, पिक्चर ट्यूब गेली वाटतं.’ ट्यूब धडधाकट असायची. टीव्ही उघड्या दारासमोर मांडलेला असायचा आणि अंगणातलं ऊन थेट काचेवर. वडील पैसे न घेता परत पाठवायचे. तेव्हा ऊन मला कळतं की नाही, ते तुम्ही ठरवायची गरज नाही.

आता तुमचं ते ‘झालं’. अनेक एलईडी टीव्हींत ब्राइटनेस पडद्याचा उजेड वाढवतच नाही. काळा रंग किती काळा दिसावा, एवढंच तो ठरवतो. तो चढवलात की हिरोचे केस राखाडी आणि रात्रीचा प्रसंग धुरकट. दुपारी खोलीतल्या उजेडाने पडद्यावरचा काळा आधीच पांढुरका झालेला असतो, त्यात तुम्ही आणखी भर घालता आणि वर मला शिकवता! उजेड वाढतो तो बॅकलाइटने, म्हणजे पडद्यामागच्या दिव्याने. दुपारी तो चढवायचा आणि गॅमा, म्हणजे मधल्या छटांचं सेटिंग, २.२ ठेवायचा. रात्री दिवे मालवले की बॅकलाइट उतरवायचा आणि गॅमा २.४ करायचा. गॅमाचा आकडा वाढला की मधल्या छटा गडद होतात. अंधारात त्या डोळ्याला टिपता येतात, भर उजेडात बुडून जातात. गॅमा कोण बघतो म्हणता? दुपारच्या मॅचमध्ये स्टँडच्या सावलीतला फिल्डर सापडत नाही, तेव्हा तुम्हीच बघता.

एक गोष्ट मात्र न्यायाने सांगतो. सोनीच्या अलीकडच्या टीव्हींत ‘ब्राइटनेस’ म्हणजे खरोखरच पडद्याचा उजेड, काळ्यासाठी तिथे ‘ब्लॅक लेव्हल’ वेगळं असतं. त्या टीव्हीवर तुमचं वाक्य चालून जाईल. पण हे माहीत असून तुम्ही लिहिलंत, असं तुमच्या सुरावरून तरी वाटत नाही. माहीत असलेला माणूस असा खेकसत नाही.

ओएलईडीचं म्हणाल तर त्याला बॅकलाइट नसतो, प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो. दुपारी उजेड वाढवायचा, रात्री उतरवायचा, हे तिथेही तसंच. यावर वेगळी चार पानं लिहिली असती, तर त्यावरही तुम्ही बोललाच असता.

आणि वाचायचा एवढाच कंटाळा असेल, तर कुठल्याच सेटिंगला हात लावू नका. टीव्ही खिडकीसमोरून उचला आणि खिडकीच्या बाजूच्या भिंतीला लावा, म्हणजे ऊन काचेवर पडणार नाही. बाकी तुमचा टीव्ही कुठला, तो ठेवलाय कुठे, हे प्रतिक्रियेत शोधूनही सापडलं नाही. ते कळवा, मग बोलू.